नावाडी चिंधानाना

पिंप्राळ्यातल्या रत्ना पाटीलबद्दल कॉलनीत काय काय बोललं जायचं ते विचारू नका. एक्केचाळीस वर्षांची बाई, टायपिंगच्या क्लासात शिकवते, लग्न केलं नाही ते नाहीच, वर दर रविवारी दुपारी तीनला फोनसमोर बसून निरनिराळ्या आवाजांत बोलते. घटकेत राजा, घटकेत चेटकीण, घटकेत खेचर! शेजारच्या मंदाबाईंनी तर रत्नाच्या आईला, ताईबाईला, एका बाबाचा पत्तासुद्धा आणून दिला होता. लोकांना दुसऱ्याच्या घरातलं भूत फार लवकर दिसतं बुवा.

भूतबीत काही नव्हतं, खेळ होता. चार जण फोनवर जमायचे. रत्ना गोष्ट सांगायची आणि बाकीचे तिघे त्या गोष्टीतले वीर व्हायचे. कोणी म्हणायचा मी भिंत चढतो, कोणी म्हणायचा मी राक्षसावर वार करतो. जमलं की नाही ते वीस बाजूंचा फासा ठरवायचा. मोठा आकडा पडला तर जमलं, छोटा पडला तर आपटले. प्रत्येकाने आपापल्या घरी फासा टाकायचा आणि आकडा तोंडाने सांगायचा. कोणी कोणाला दाखव म्हणायचं नाही, हा नियम रत्नानेच पहिल्या दिवशी घातला होता. स्वतःचा फासा मात्र ती स्टीलच्या ताटात टाकायची आणि ताटावर कॅमेरा धरायची. गोष्ट सांगणाऱ्याच्या हातात सगळं असतं, म्हणून त्याचा हात उघडा पाहिजे, असं तिचं म्हणणं. आहे की नाही खुळी!

या खुळापायी तिचे शनिवार जायचे. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर नकाशे काढायचे, सोनगीरच्या किल्ल्यावर बेतलेला किल्ला रंगवायचा, तिघांना तीन-तीनदा आठवण द्यायची. आणि हे तिघे कसे? शिरपूरचा स्वप्नील, तिचाच जुना विद्यार्थी, एका कानाने क्रिकेट ऐकायचा. जळगावातला कय्युम फ्लेक्स छापायचा. तो तेवढा वेळेवर यायचा आणि एक पडला तर हसत एकच सांगायचा. तिसरा धुळ्याचा योगराज, मोबाईलच्या दुकानाचा मालक. याच्या फाशाला दुसरी बाजूच नव्हती. वार केला, वीस. उडी मारली, वीस. एकदाच रत्ना हसत म्हणाली, "योगराजभाऊ, परत वीस?" कय्युम खो-खो हसला. योगराज हसला नाही. त्याने ते मनात ठेवलं.

तो खोटं बोलतो हे रत्नाला कळत नव्हतं असं नाही. ती मूग गिळून बसायची, कारण योगराज गेला की त्याच्या मागे स्वप्नील जाणार, दोघे गेले की खेळ बंद. आणि खेळ बंद झाला तर चिंधानाना बंद.

चिंधानाना म्हणजे गोष्टीतला म्हातारा नावाडी. वीरांना नदीपार न्यायचा आणि नावेत बसणाऱ्या प्रत्येकाला विचारायचा, "जेवनात का रे पोरहो?" पण हे नाव आणि हा आवाज रत्नाच्या वडिलांचा होता. ते एसटीत कंडक्टर होते. धुळे-शिरपूर गाडीत तिकीट फाडता फाडता अनोळखी माणसालाही जेवलात का विचारायचे. करोनाच्या साथीच्या दुसऱ्या वर्षी त्यांना दवाखान्यात नेलं ते परत आलेच नाहीत. आत कोणालाच सोडत नव्हते. शेवटी ते काय बोलले, बोलले तरी का, हे घरात कोणालाच ठाऊक नाही.

खेळात रत्नाच्या तोंडून तो आवाज पहिल्यांदा निघाला तेव्हा स्वयंपाकघरात भांडं पडलं. पुढच्या रविवारी ताईबाई दारामागे पाट टाकून भाजी निवडत बसली. त्याच्या पुढच्या रविवारी तिने धुतलेलं पातळ नेसलं. मायलेकी यावर एक अक्षर बोलल्या नाहीत. पण त्यानंतर नाना आले नाहीत असा एक रविवार गेला नाही. वीर डोंगरात असोत, तुरुंगात असोत, रत्ना कुठून तरी नदी काढायची. एकदा तर वाळवंटात नाव आली! स्वप्नील ओरडला, "ताई, इथे पाणी कुठलं?" रत्ना म्हणाली, "पूर आलाय." तीन वर्षं दारामागे बसून ताईबाईलाही एवढं समजलं होतं की मोठा आकडा चांगला आणि छोटा वाईट.

त्या रविवारीही नाव आली. नाना म्हणाले, "बसा रे पोरहो, जेवनात का?" दारामागे चाकूचा आवाज थांबला. आणि योगराज म्हणाला, "मी नावाड्याला पाण्यात ढकलतो."

रत्नाला वाटलं, गंमत करतोय. "का हो भाऊ? तो तर तुम्हाला फुकट नेतोय."

"कंटाळा आला त्याचा. दर वेळी तेच. नाव घेऊ, म्हातारा कशाला पाहिजे?"

कय्युम घाईघाईने म्हणाला, "मी योगराजचा हात धरतो." फासा टाकल्याचा आवाज आला. "दोन पडला, रत्नाताई. माफ करा." तोही बारा सांगू शकला असता, कोणी विचारणार नव्हतं.

"माझा वीस," योगराज म्हणाला. फासा टाकल्याचा आवाजसुद्धा आला नव्हता.

"भाऊ, आज एकदा फासा दाखवता का?" रत्नाने विचारलं.

"का? तीन वर्षांत नाही विचारलंत ते? नियम तुमचाच आहे ना मॅडम? स्वप्नील, तू सांग."

स्वप्नील नानांच्या हातचा चहा प्यायलेला पोरगा. नाना गेले तेव्हा दारावर येऊन डोळे पुसून गेलेला. तो म्हणाला, "नियम तर आहे, ताई."

झालं! आता नानांचा स्वतःचा एक फासा उरला होता. रत्नाची सवय अशी की किती पाहिजे ते आधी बोलायचं. ती बोलली, "पोहून वाचायला अकरा पाहिजे. अकरा किंवा वर." तिने फासा मुठीत धरला. इतका वेळ धरला की कय्युमने विचारलं, "ताई, आहात ना?" मग तिने तो ताटात सोडला.

फासा गरगरला, कडेला आपटला आणि थांबला. चार.

तेवढ्यात योगराजचा आवाज आला. "मॅडम, तुमचं चित्र अडकलंय. हातच दिसतोय नुसता. काय पडलं ते सांगा."

स्वप्नील आणि कय्युमनेही सांगितलं, अडकलंय म्हणून. म्हणजे तो चार जगात एकट्या रत्नाने पाहिला होता. पंधरा म्हटलं असतं तर पंधरा. अकरा म्हटलं असतं तरी नाना ओले होऊन नावेत चढले असते आणि पुढच्या रविवारी परत जेवलात का म्हणाले असते. तिने दाराकडे पाहिलं. फटीतून धुतलेल्या पातळाचा काठ दिसत होता.

"चार," रत्ना म्हणाली.

"मग मेला," योगराज म्हणाला. "मरताना काही बोलू द्या की त्याला. एवढा बोलका म्हातारा!"

गोष्ट सांगणारीने सांगायचंच असतं. रत्नाने डोळे मिटले. नाना बुडाले, एकदा वर आले, नाकातोंडात पाणी, आणि तिच्या तोंडून तो आवाज निघाला, अगदी हुबेहूब. "तुनी माय जेवनी का वं, रत्ना?"

दारामागून उत्तर आलं. "जेवनू हो. मी जेवनू."

योगराज फिस्सकन हसला. "ही आजी कुठल्या पात्राची?" त्याच्याबरोबर स्वप्नीलही हसला. कय्युम "चूप बसा रे" म्हणाला आणि फोन बंद करून निघून गेला.

"खरंच चार पडला होता?" योगराजने विचारलं. आता त्याचा आवाज जरा उतरला होता. "स्वप्नीलने सांगितलं होतं मला, हा नावाडी म्हणजे तुमचे वडील म्हणून. म्हटलं बघू तरी, स्वतःच्या बापासाठी ही बाई खोटं बोलते की नाही. तुम्ही तर कमालच केली राव! बरं, पुढच्या रविवारी तीनलाच ना?"

रत्नाने फोन उलटा ठेवला. मेल्या, तीन वर्षं तुझं खोटं तिने झाकलं, त्याचे पांग असे फेडलेस!

ती दाराशी गेली. ताईबाई पाटावरच होती, मांडीवर ताटली, ताटलीत अर्धवट चिरलेल्या भेंड्या.

"कितला पडना?" तिने विचारलं.

"चार."

"कितला पाहिजे व्हता?"

"अकरा."

"तो तुले एकलीलेच दिसना ना?"

"हो."

ताईबाईने मान वर केली. "मंग अकरा सांगाले तुनं काय जातं व्हतं?"

ताईबाईने पाट उचलून भिंतीला लावला आणि ती पातळ बदलायला आत गेली.