फोटोत मीच येऊन राह्यलो

फोटो स्टुडिओत दोन गोष्टी साचत जातात. एक म्हणजे लोकांनी हौसेनं काढलेले आणि न्यायला कधीच न आलेले फोटो. दुसरे किस्से. फोटो आम्ही दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढतो, पण किस्स्यांचं तसं करता येत नाही. चहाचा कप हातात आला की कोणीतरी म्हणतं, "वहिनी, ते सांगा नं," आणि मग दुकान अर्धा तास तसंच पडून राहतं.

आमचं दुकान आर्णीत, बसस्टँडकडून बाजारात शिरलं की डाव्या हाताला. माणसं तीन. माझा नवरा सुधाकर कॅमेरा सांभाळतो. शकीलभाई कॉम्प्युटरवर फोटो सजवतात. मी काउंटरवर असते, म्हणजे गिऱ्हाईक काय बोलेल ते पहिल्यांदा मलाच ऐकावं लागतं.

शकीलभाईंचा हात फार प्रेमळ. माऊस फिरला की सुरकुत्या गेल्या, डाग गेले, रंग दोन घरं उजळला. ते म्हणायचे, "भाभी, माणूस उन्हातान्हातून आपल्याकडे येतो. फोटोत तरी त्याला सुंदर राहू द्या." यात वाईट काय आहे, असं आम्हालाही वाटायचं. एका आजीनं आमची झोप उडवेपर्यंत.

*

आजी जवळच्याच खेड्यातली. बँकेत द्यायला फोटो पाहिजे म्हणून आली, काढून घेतला, पाकीट कमरेला खोचून गेली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी पायरीवर हजर. फोटो काउंटरवर ठेवला आणि मला विचारलं, "हे पोरगी कोणाची होय?"

"आजी, तुमचाच फोटो आहे."

"बँकेतला साहेब म्हणे, नातीचा नाई चालत, तुमचा आणा. मी म्हटलं, माहाच होय. तर म्हणे, मग तुम्ही कोण? लोकं मागं लायनीत उभे. मले तर घाम फुटला बाई. जिती असून मी मीच हाय, हे मले सांगता येईना."

आवाज ऐकून शकीलभाई आतून आले. आजीनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तू केलं का हे?"

"हो आजी."

"लय सुंदर केलं रे बावा," आजी म्हणाली. "पण आता मले मी परत दे."

त्या दिवशी शकीलभाई जेवले नाहीत. सुधाकरनं आजीचा दुसरा फोटो काढला, दारातल्या उजेडात, खुर्चीवर बसवून, आणि त्याला कोणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं काचेवर कागद चिकटवला: 'येथे फोटो जसा आहे तसा मिळेल.'

शकीलभाईंनी तो वाचला आणि मला हळूच म्हणाले, "भाभी, याच्यापेक्षा 'दुकान बंद आहे' लिहिलं असतं तर बरं झालं असतं."

*

कागद लावल्यावर पहिलं गिऱ्हाईक आलं ते निलेश नावाचा मुलगा. काळीपिवळी जीप चालवायचा, गावोगावच्या सवाऱ्या भरून. लग्नाच्या बायोडाट्यासाठी फोटो हवा होता. नवा शर्ट, केस पाण्यानं बसवलेले. सुधाकरनं फोटो काढून स्क्रीन दाखवली. निलेशचा चेहरा उतरला.

"दुसरा काढा."

दुसरा काढला. त्यानं मान हलवली. मग डावीकडून, उजवीकडून, हसून, न हसता. निलेश प्रत्येक फोटो जवळ घेऊन बघायचा आणि कॅमेरा परत द्यायचा. शेवटी सुधाकरनं विचारलं, "काय बिघडून राह्यलं, ते तर सांग."

"काही बी करा भाऊ," निलेश म्हणाला, "फोटोत मीच येऊन राह्यलो."

शकीलभाईंना राहवेना. "थोडंसंच उजळून देऊ का?" ते माझ्याकडे बघत म्हणाले. सुधाकरनं काचेवरच्या कागदाकडे बोट दाखवलं. निलेश त्यातलाच एक फोटो घेऊन, पाय ओढत गेला. मला वाटलं, हा काही परत येत नाही.

उन्हाळ्यात तो परत आला, बायकोला घेऊन. मी तिला सहज विचारलं, याच्यात काय पाहिलंस गं? ती जरा लाजली, पण उत्तर मात्र सरळ दिलं. "त्याआधी तीन-चार जण पाहाले आलते ताई. फोटोतला एक अन् दारात आलेला दुसराच. मायनं तर एकाले विचारलं, नवरदेव मागून येऊन राह्यले का? हे आले तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपण याले ओळखतो."

*

राजूरचा एक मुलगा, कोळसा खाणीत कामाला. लग्न आमच्याकडच्या मुलीशी ठरलेलं. मुलाकडच्यांना लग्नाआधीचं शूटिंग हवं होतं, धरणावर, रंगीत धूर सोडून. मुलीनं फोनवरच सुधाकरला सांगितलं, "भाऊ, धूर नको. मले यांचा कामावरचा एक फोटो पाहिजे. साधा."

सुधाकर मोटरसायकलनं राजूरला गेला आणि पाळी सुटायच्या वेळी खाणीबाहेर थांबला. मुलगा आला तो नखशिखांत काळा. डोळे आणि दात तेवढे दिसत होते. तोंड धुऊन येतो म्हणाला. सुधाकरनं तसंच उभं केलं, मागून येणारी चार माणसंही फोटोत आली.

फोटो दाखवायचा दिवस आला. मुलगी, तिची आई, मावशी, सगळ्या दुकानात. मी मोठी प्रिंट काउंटरवर ठेवली. आईनं पदरानं चष्मा पुसला, प्रिंट नीट न्याहाळली आणि सुधाकरला म्हणाली, "चांगला आहे भाऊ. पण हे समोरचे कोळशेवाले बाजूले करा नं, जावई दिसून नाई राह्यले."

मुलीनं प्रिंटवर बोट ठेवलं.

"माय," मुलगी म्हणाली, "तेच होय."

आई मटकन स्टुलावर बसली. प्रिंट पुन्हा हातात घेतली, अगदी नाकाजवळ नेली. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मला दिसलं. आता ही लग्न मोडते की काय, असं मला वाटलं.

"रोज असंच येते का घरी?" तिनं मुलीला विचारलं.

"रोज."

आईनं फोटो मांडीवर ठेवला. पदरानं डोळे पुसून म्हणाली, "मग रुखवतात पाणी तापवाचा मोठा बंब देऊ. आपण तं कपाट घेतलं बाई, कपाट काय कामाचं!"

*

हा किस्सा सांगताना सुधाकर अजूनही मध्येच थांबतो.

एका घरातला कर्ता माणूस वारला. वेगळा असा एकही फोटो नाही. कोणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत, पार कडेला, बनियन आणि खांद्यावर दुपट्टा अशा वेषात मान वळवून बसलेले, एवढेच सापडले. मुलगा नागपूरला नोकरीला. तो म्हणाला, "बाबाले कोट घाला. टाय लावा. केस नीट करा. भिंतीवर लावाचा आहे, चांगला दिसला पाहिजे."

सुधाकरनं नाही म्हणून पाहिलं. पण बाप गेलेल्या मुलाशी किती वाद घालणार? शकीलभाईंनी जीव ओतून काम केलं. काळा कोट, लाल टाय, मागे निळा पडदा. फ्रेम करून सुधाकर स्वतः पोचवायला गेला. घर भरलेलं होतं. मुलानं फ्रेम खुर्चीवर ठेवली आणि आईला हाक मारली.

आई आतून आली. दारातच थबकली आणि झटकन डोक्यावरून पदर ओढून घेतला. परका पुरुष घरात बसलेला दिसल्यावर बाई घेते, तसा.

मुलाला वाटलं तिचं लक्ष नाही. "माय, बाबा आहेत."

तिनं पदर तसाच धरून खाली पाहत विचारलं, "कोणाचे?"

सुधाकर तिथून निघाला तो थेट दुकानात. संध्याकाळी तो जुना फोटो जसाच्या तसा मोठा केला, बनियन, दुपट्टा, समोर पत्रावळ, वळलेली मान, सगळं. सकाळी पुन्हा घेऊन गेला. म्हातारीनं या वेळी फ्रेम दोन्ही हातांनी घेतली.

"हे होय," ती म्हणाली. "वरण वाढणारा पुढं निघून गेला की असेच पाहत."

*

सगळे धक्के गिऱ्हाइकांनाच बसले असं नाही. एकदा दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत डबा खात होते. पाय वर घेतलेले, भाकरी हातावर, तोंडात घास. सुधाकरनं दारातून फोटो काढला आणि काही न बोलता मोबाईल माझ्यापुढं धरला.

माझा घास तोंडातच राहिला. फोटोत माझी आई बसली होती. तसाच खांदा उतरलेला, तशीच मान, भाकरी धरायची तीच पद्धत. मी काउंटरच्या आरशात रोज दहादा बघते, तिथं मला ही बाई कधी दिसली नव्हती.

"कधीपासून अशी दिसायला लागले मी?" मी विचारलं.

सुधाकर डबा उघडत म्हणाला, "मी तर रोज हेच पाहून राह्यलो. तुलेच आज दिसलं."

मी फोटो डिलीट करायला निघाले होते. केला नाही. आईला पाठवला. तिनं उलट फोन करून विचारलं, "माहा फोटो कोणी काढला?"

*

सुजाता आमच्याच गल्लीच्या पुढं राहते, अंगणवाडीत शिकवते. नवरा अमोल. त्यांची मुलगी सम्यका पहिल्या वाढदिवसाला फोटो काढायला आली, पांढरा फ्रॉक घालून. नेमकी लाइट गेली. दुकानात अंधार, मोठे दिवे बंद. मुलगी कंटाळून रडायच्या आत काम उरकावं म्हणून सुधाकरनं कॅमेऱ्यावरचा साधा फ्लॅश लावला आणि फोटो घेतले.

अंधारात असा समोरून फ्लॅश मारला की डोळ्यांत लाल ठिपके येतात. फोटोवाल्यांना त्यांचा तिटकारा. शकीलभाईंनी लॅपटॉपवर फोटो उघडला, सवयीनं एका डोळ्यातला लाल ठिपका पुसला, दुसऱ्याकडे वळले आणि थांबले.

"सुधाकर, जरा इकडे ये."

दुसऱ्या डोळ्यातला ठिपका लाल नव्हता. पांढरा होता, मांजराच्या डोळ्यासारखा चमकणारा. सुधाकर म्हणाला, दाराच्या काचेची चमक असेल. स्टूल फिरवून, मुलीला दुसऱ्या बाजूला बसवून पुन्हा फोटो काढले. पुन्हा एक लाल, एक पांढरा. डोळा तोच.

तोवर सुजाता मुलीला कडेवर घेऊन मागे येऊन उभी राहिली होती.

"भाऊ, हे लाल काय होय?"

"फ्लॅशचं आहे. सगळ्यांचंच येते."

"मग या डोळ्यात काहून नाई आलं?"

मी म्हटलं, डोळ्याच्या डॉक्टरला एकदा दाखव. अमोल हसला. "फोटो पाहून कोणी दवाखान्यात जाते का वहिनी? पोरगी तर मस्त खेळून राह्यली." शकीलभाईंनी पुसलेला ठिपका परत आणला आणि लाइट आल्या आल्या सुधाकरनं तो फोटो जसा होता तसा छापून सुजाताच्या हातात दिला.

यवतमाळच्या डॉक्टरांनी आधी फोटो पाहिला, मग मुलीचा डोळा, आणि त्याच दिवशी त्यांना नागपूरला पाठवलं. डोळ्यात गाठ होती. काही दिवसांनी सुजाताचा फोन आला. "ताई, एक डोळा काढला. दुसऱ्यात काही नाई म्हणतात. लाल दिसते तवर चांगला. पण लक्ष ठेवा लागन म्हणे." मी फोन ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. शकीलभाई हात मांडीवर ठेवून स्क्रीनकडे बघत बसले. "मी पुसूनच टाकत होतो, भाभी," एवढंच म्हणाले.

पावसाळा गेला, थंडी पडली. एक दिवस सुजाता सम्यकाला घेऊन दुकानात आली. मुलगी चालायला लागली होती. एक डोळा नकली, नीट पाहिल्याशिवाय कळणार नाही असा. तिनं आल्या आल्या काउंटरवरचं स्टेपलर पळवलं.

"भाऊ, हिचा फोटो काढा."

सुधाकर खूश झाला, मोठे दिवे लावायला गेला.

"दिवे नको," सुजाता म्हणाली. "त्या दिवशीसारखा काढा. अंधारात."

सुधाकरनं माझ्याकडे पाहिलं. मग पुढचं शटर अर्धं ओढलं, दिवे बंद केले, सम्यकाला स्टुलावर बसवलं आणि फ्लॅश मारला. सुजातानं त्याच्या हातातला कॅमेरा जवळपास ओढूनच घेतला आणि मागच्या छोट्या स्क्रीनवर सम्यकाचा खरा डोळा पाहायला वाकली.

"लाल आहे नं?"

"लाल आहे," सुधाकर म्हणाला.

"अजून एक काढा."

अजून एक काढला. शकीलभाईही उठून आले. चौघांनी मिळून पाहिलं. लाल.

मी दिवे लावले, पाकीट काढलं आणि विचारलं, "किती कॉपी काढू?"

"फोटो नको ताई," सुजाता मुलीला कडेवर घेत म्हणाली. "नागपूरची तपासणी पुढच्या महिन्यात आहे. मी नुसतं लाल पाहाले आली."