विशाखाचं हिरवं जाकीट

हॉलंडातल्या नीउ-व्हेनेपला विशाखा करंबेळकर नावाची बाई राहते. तिला "कशी आहेस?" असं उगाच विचारायचं म्हणून विचारू नये, कारण ती खरंखरं सांगते. "वैतागलेय, काका," म्हणते आणि मग कशाकशाने, ते सुरू होतं. मला ते ऐकायला फार आवडतं. डीमनहून मी गाड्या बदलत तिच्याकडे जातो ते चहासाठी, असा तिचा समज आहे. चहा बरा असतो, नाही असं नाही. पण ताजा वैताग समोर बसून ऐकण्यात जी गोडी आहे ती फोनवर येत नाही.

विशाखा मूळची सांगलीची. तिथल्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. गुरुनाथशी लग्न झालं, त्याला इकडच्या आयटीत नोकरी लागली आणि ती "त्याच्या व्हिसाला लटकून" आली. शब्द तिचेच. इथे आल्यावर गेमेंटेत, म्हणजे इथल्या नगरपालिकेत जा, डॉक्टरकडे जा, बँकेत जा, सगळीकडे पहिला प्रश्न एकच, नवरा काय करतो? बाई काय करते हे विचारायला कुणाला सवड नव्हती. तिने पाळणाघरात मुलं सांभाळली, सुपरमार्केटात फळ्यांवर माल लावला, डच शिकली. घरात चैत्राली, म्हणजे तिची मुलगी, मराठी प्रश्नाला डचमध्ये उत्तर देणार आणि वर आईचे उच्चार सुधारणार. त्यावरही विशाखा वैतागायची, पण उच्चार मात्र गुपचूप सुधारून घ्यायची.

मग कोरोना आला आणि गुरुनाथ घरात आला. म्हणजे आधीही तो तिथेच राहत होता, पण आता दिवसभर राहायला लागला. जेवणाच्या टेबलावर त्याचे दोन स्क्रीन आणि त्याच्या तोंडी सतत "कॅन यू ऑल सी माय स्क्रीन?" विशाखा म्हणाली, "काका, मी याच्याशी लग्न केलं तेव्हा हा सकाळी जाऊन रात्री येईल असा करार होता."

ती घरातून पळायची ती समुद्राच्या बाजूच्या वाळूच्या टेकड्यांवर. तिथे राखीव रान आहे, ठिपक्यांची हरणं आहेत आणि झुडपं अशी, की विशाखाच्या डोक्यातलं सांगलीचं कॉलेज पुन्हा उघडलं. पानं बघून नावं आठवायला लागली. तिथेच तिने वाटाड्याच्या शिक्षणाला नाव घातलं. स्वयंसेवकाचं काम, पगार नाही. थोडे धडे ऑनलाइन, थोडे रानात, आणि शेवटी परीक्षा: एक गट फिरवून आणायचा, डचमधून. पास झालं की हिरवं जाकीट मिळतं, छातीवर स्वतःचं नाव शिवलेलं.

"नुसतं 'विशाखा'," ती म्हणाली. "कुणाची बायको ते लिहीत नाहीत."

हे म्हणताना तिचा आवाज जरा वेगळा झाला होता, म्हणून मी चेष्टा केली नाही. माझ्या बाबतीत हे फार क्वचित घडतं.

आता हरणांचं सांगतो. रानाच्या एका फाटकापासून जरा आत एक तळं आहे. त्याच्या काठच्या माळावर हरणांचा कळप हमखास दिसायचा. टाळेबंदीत आपले सगळे मराठी लोक फिरायला तिकडेच जायला लागले, कारण दुसरं काही उघडंच नव्हतं. आणि दुसऱ्या वर्षी माळ ओस पडला. बाकी रानात हरणं कमी दिसत होती, पण दिसत होती. या माळावर मात्र एकही नाही.

झालं. आपल्या लोकांना तेवढं पुरतं. दोन पक्ष पडले. पहिला गुरुनाथचा. त्याचं मत, लांडग्याने खाल्ली. पूर्वेकडच्या जंगलात लांडगे परत आलेत हे खरंच आहे. गुरुनाथने ते तिकडून इकडे कसे येऊ शकतात याचं प्रेझेंटेशन केलं, बाणबिण काढून. दुसरा पक्ष द हेगच्या दिलीप मुजुमदारांचा. ते कुठल्याशा आंतरराष्ट्रीय कचेरीत आहेत आणि बोलतात असे, की जणू ठराव मांडतायत. त्यांचं मत, बंदूकवाल्यांनी संपवली. दर हिवाळ्यात रानवाले माणसं लावून हरणं मारतात, कारण ती फार झाली आणि झाडोरा खाऊन टाकतात. हेही खरंच आहे.

त्या वर्षी गणपतीची आरती झूमवर होती. आरती संपली, मंत्रपुष्पांजलीसाठी सगळे हात जोडून थांबलेले, तेवढ्यात दिलीपराव म्हणाले, "गुरुनाथ, तुझा लांडगा मोटरवे कुठून ओलांडतो ते एकदा सांग."

"प्राण्यांसाठी पूल बांधलेत, दिलीपराव. त्यावरून."

"टोल भरून?"

"तुमचे बंदूकवाले काय फक्त याच माळावर येतात का? बाकीची हरणं दिसत नाहीत त्यांना?"

विशाखा कॅमेऱ्यासमोरून उठून गेली. आतून तिचा आवाज आला, "बाप्पा, यांना म्यूट कर."

तिचा वैताग समजण्यासारखा होता. परीक्षेसाठी तिने विषयच हा घेतला होता: इथली हरणं कमी का झाली. बाकी रानाचं उत्तर तिच्याकडे तयार होतं. लांडगा इथे आलेला नाही. शिकार होते, ती ठरवून होते आणि त्यामुळे फुलझाडं परत येतायत. पण त्या एका माळाचं तिला कोडं सुटत नव्हतं. शिकार तिथे इतर ठिकाणांपेक्षा जास्त झालेली नव्हती, हे तिने विचारून घेतलं होतं. "आणि काका, फाटकाजवळची झुडपं बघा. सगळी खाल्लेली, हरणाचं तोंड पोचतं तिथपर्यंत. माळावर गवत माजलंय आणि फाटकाशी उकिरडा झाल्यासारखं. असं का?"

मला काय माहीत? मी आपला तिच्या टेबलाशी बसून पोळी खात होतो. पोळी ताजी होती. मी म्हटलं, "शिळ्या पोळ्या देऊन वाटेला लावायचीस पूर्वी."

"उरतच नाहीत हल्ली," ती म्हणाली, आणि त्या दिवसात पहिल्यांदा तिचा चेहरा खुलला. "गुरू सगळ्या संपवतो. सकाळी फिरायला जाताना बरोबर नेतो, तिकडे बाकावर बसून खातो म्हणे. शिळं अन्न बघून नाक मुरडणारा माणूस! कोरोनाने एवढं एक चांगलं केलं."

मी गुरुनाथकडे पाहिलं. तो स्क्रीनकडे पाहत होता. स्क्रीन बंद होता.

परीक्षा दोन हजार एकवीसच्या ऑक्टोबरात होती. गटाला सहा माणसं तरी हवीत असा नियम. विशाखाने शेजारच्या डच मंडळींना तयार केलं होतं, पण आदल्या दिवशी एका घरात चाचणी पॉझिटिव्ह आली आणि सगळी आळीच घरात बसली. परीक्षक हेनीबाई, जुन्या वनरक्षक, पांढरे केस आणि गुडघ्यापर्यंत बूट; त्या म्हणाल्या, कुणीही चालेल, माणसं आणा. तेव्हा विशाखाने जे करायला नको होतं ते केलं. आपली माणसं बोलावली. दिलीपराव, त्यांची पद्मजा, नवीनच आलेलं एक पुण्याचं जोडपं, मी आणि गुरुनाथ.

फाटकाशी तिने आम्हाला उभं केलं आणि मराठीत दम दिला. "आज मी डचमध्ये बोलणार. मध्ये कुणी बोलायचं नाही. लांडगा हा शब्द काढायचा नाही. बंदूक हा शब्द काढायचा नाही. गुरू, तू तर तोंडच उघडायचं नाहीस."

"मी काय करतो?" गुरुनाथ म्हणाला.

"तेच ते. हे असं."

सुरुवात छान झाली. विशाखा झुडपं दाखवत होती, पानं चुरडून वास देत होती, हेनीबाई मान डोलावत होत्या. डच मला अर्धंमुर्धं कळतं, पण शिकवणारी बाई कुठल्याही भाषेत ओळखू येते. मग आम्ही तळ्यापाशी आलो. माळ रिकामा. दूर कुठेतरी नर हरणं डुरकत होती.

"बघा," दिलीपराव माझ्या कानात म्हणाले. पण त्यांचं कानात बोलणं द हेगला ऐकू जातं. "साफ केली. गोळ्या घालून."

"लांडग्याचे ठसे आहेत इथे," गुरुनाथ म्हणाला.

"ते मोठ्या कुत्र्याचे आहेत. मालकाचा बूट दिसतोय शेजारी."

"लांडग्याच्या मागे माणूस फिरत नाही का?"

"अहो, बास की," पद्मजा म्हणाली. पुण्याचं जोडपं फोटो काढत होतं. विशाखाचं डच अडखळलं. तिने वाक्य पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळली. तिच्या कपाळावरची शीर मला दिसत होती. जाकीट चाललं होतं हातचं, आणि ते आपलीच माणसं घालवत होती.

ती आम्हाला घाईघाईने फाटकाकडे परत घेऊन निघाली. आणि फाटकाच्या अलीकडे, त्या खाल्लेल्या झुडपांतून, हरणं बाहेर आली.

एक नाही, दोन नाही, कळपच. माद्या, पिल्लं आणि पुढे एक तरणा नर. पळायचं सोडून ती आमच्याकडेच यायला लागली. तो नर तर सरळ चालत आला, दिलीपरावांना वळसा घालून, मला वळसा घालून, गुरुनाथपाशी आला आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीत तोंड घालायला लागला.

"बाळ्या, आज नाही!" गुरुनाथ दबक्या आवाजात ओरडला. "आज नाही रे! जा!"

मला हसू आवरेना, म्हणून मी खोकलो. कोरोनाच्या दिवसांत तोही गुन्हाच, सगळे लांब सरकले.

"बाळ्या?" विशाखा म्हणाली.

"अगं, म्हणजे..."

"पोळ्या?"

गुरुनाथ मुलासारखा उभा होता. "टाकवत नाहीत ग. कचऱ्याच्या डब्यात पोळी टाकायची, हात होत नाही. तिकडे दारात गाय यायची. इथल्या गाईला द्यायला गेलो तर शेतकरी ओरडला. आणि तू इतक्या करतेस... मी शिळी खात नाही, तुला माहीत आहे."

"दीड वर्ष?"

"तूप लावून देतो," तो म्हणाला. का म्हणाला देव जाणे.

हेनीबाईंना यातलं अक्षर कळलं नव्हतं. पण बाळ्या पिशवी ओढत होता आणि तेवढं त्यांना पुरलं असावं. त्या विशाखाजवळ आल्या आणि शेवटचा प्रश्न विचारला, डचमध्ये, सावकाश: इथली हरणं कमी का झाली?

आता बघा. विशाखाला तयार उत्तर देता आलं असतं. शिकार, झाडोरा, लांडगा नाही. बरोबरही होतं. या रानात हरणांना खायला घालायला सक्त मनाई आहे; वाटाड्याच्याच घरातून ते होत होतं असं कळलं, तर जाकीट कोण देणार? गुरुनाथ डोळ्यांनी विनवत होता. दिलीपरावसुद्धा गप्प होते, हे लिहून ठेवण्यासारखं.

विशाखाने उत्तर दिलं. तिने ते मला नंतर मराठीत सांगितलं. "रानात कमी झाली ती ठरवलेल्या शिकारीने. लांडग्याने नाही. पण तळ्यावरची कमी झालेलीच नाहीत. ती माझ्या नवऱ्याने इथे आणली, माझ्या हातच्या पोळ्या घालून. मी झुडपं पाहिली होती. घरात पाहिलं नाही."

हेनीबाईंनी आधी बाळ्याकडे पाहिलं. मग गुरुनाथकडे वळून त्या इंग्रजीत बोलल्या, म्हणजे सगळ्यांना कळावं. माणसाला न घाबरणारं हरीण फाटकातून रस्त्यावर येतं. गाड्या आहेत. म्हणून हिवाळ्यात गोळी घालताना आधी अशांचा नंबर लागतो.

गुरुनाथचा हात बाळ्याच्या मानेवर होता. "धिस वन?" त्याने विचारलं.

"येस. धिस वन फर्स्ट."

मी त्याला ओळखतो त्याला बरीच वर्षं झाली. वादात त्याने शेवटचं वाक्य दुसऱ्याला दिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तो पिशवी झाकून मागे सरला आणि बाळ्या त्याच्यामागे गेला, तो आणखी मागे सरला. शेवटी विशाखाच पुढे झाली. टाळ्या वाजवत, ओरडत, चक्क सांगलीच्या मराठीत: "हो चालता! निघ! एक पोळी मिळायची नाही!" कळप उधळला. बाळ्या मात्र जरा जाऊन थांबला आणि वळून बघत राहिला. गुरुनाथने तोंड फिरवलं.

"हे रोज करावं लागेल," हेनीबाई म्हणाल्या. "हिवाळ्याआधी. आणि तुमच्या लोकांना तुमच्याशिवाय कोण आवरणार?"

जाकीट तिला मिळालं ते असं. रान दाखवायचं काम वसंतात. तोवर फाटकावर उभं राहायचं, खाऊ घेऊन येणाऱ्यांना अडवायचं आणि जवळ येणाऱ्या हरणांना हाकलायचं.

नोव्हेंबरात मी गेलो. ती फाटकावर उभी, नाकाचा शेंडा लाल, छातीवर नुसतं 'विशाखा'. एका कुटुंबाला, बहुधा नागपूरच्या, ती सांगत होती की चकली हे हरणाचं खाणं नव्हे. मी म्हटलं, "कशी आहेस?"

"वैतागलेय, काका! अठरा वर्षं घरात हेच सांगतेय, हे नको, ते नको, कुणी ऐकत नाही. आता बाहेर येऊन तेच. जाकीट घालून!"

गुरुनाथला फाटकाच्या आत यायची बंदी आहे. बंदी विशाखाची, रानाची नव्हे. तो पार्किंगमध्ये गाडीत बसून असतो. दुपारी तिथून त्याने हाक मारली, "विशाखा, बाळ्या दिसला का?"

"दिसला."

"मग?"

"मला बघून पळाला. लांबूनच."

गुरुनाथने फाटकाच्या आत एकदा पाहिलं. मग म्हणाला, "बरं झालं," आणि काच वर केली.

घरी आम्हाला चहाबरोबर फोडणीची पोळी होती. गुरुनाथनेही खाल्ली, एक घास पोळीचा आणि एक घोट पाण्याचा असं करत. "कशी झालीय?" विशाखाने विचारलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

"छान," तो म्हणाला. "वाढ अजून."