न वाकणारी बाहुली

अमेरिकेत आयसेलिनजवळच्या एका जाहिरातींच्या स्टुडिओत शरयू सहा वर्षं नुसते बाहुल्यांचे कपडे शिवत होती. बाहुल्या हलवायचं काम वेगळं: बाहुली केसभर सरकवायची, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायची. सेकंदाला चोवीस फोटो, तेव्हा कुठे बया टीव्हीवर हलणार! ते मानाचं काम म्हाताऱ्या जपानी ओनोसानांचं. तरुणपणी टोकियोत त्यांनी बाहुल्यांच्या ढीगभर जाहिराती केल्या होत्या. शहाऐंशी साली त्यांचे हात थरथरायला लागले, तेव्हा ते मालकाला म्हणाले, "आता शरयू."

पहिलीच जाहिरात चहाची. नऊवारीतली बाई साहेबाला चहा देते आणि कमरेत वाकते.

"ओनोच्या बाहुल्या वाकायच्या ना, तश्शी," मालक डग म्हणाला. घ्या! याच्या लेखी टोकियो काय नि नागपूर काय, सगळं एकच.

शरयूने ओनोसानांना विचारलं. त्यांनी जुनं रीळ लावलं. त्यात दुकानदार वाकला, तसं गिऱ्हाईकही वाकलं.

"आमच्याकडे दोघंही वाकतात," ते म्हणाले.

"मग साहेबालाही वाकवू या," शरयूने डगला सांगितलं. तो मेला नुसता हसला.

घरी नवरा म्हणाला, "अगं, बाहुलीच ती! इतक्या वर्षांनी चान्स मिळालाय. ॲडजस्ट कर ना यार."

"सहा वर्षं तेच केलं, प्रल्हाद. आता बास!"

बाहुलीच्या पोटात तारेचा सांगाडा असतो, म्हणून ती वाकते. शरयूने या बाईच्या कमरेत जाड लोखंडी सळी बसवली आणि वरून नऊवारी चापूनचोपून नेसवली.

शूटच्या दिवशी डगने बाहुली दाबून पाहिली. ढिम्म हलेना.

"वाकव हिला!"

"वाकणार नाही. मीच तशी केलीय."

"दुसरी कर!"

"पंधरा दिवस लागतात. जाहिरात सोमवारी लागायचीय."

डग लालबुंद झाला. "हे शूट संपलं की तुझी नोकरी संपली!"

शरयूने कॅमेरा बाहुलीसमोर लावला. "चालेल. पण शूट मीच करणार."

दोन दिवस तिने एकटीने फोटो काढले. बाईने साहेबाच्या डोळ्यांत बघत, ताठ उभ्याने चहा दिला. शेवटचा फोटो झाला आणि शरयूने आपली कात्री पिशवीत टाकली.

ओनोसान खुर्चीतून कष्टाने उठले, तिच्यासमोर उभे राहिले आणि कमरेत वाकले.

शरयूही वाकली, अगदी तेवढीच.