राजारामकाकांची कबुली

राजारामकाका चिटणीसांनी जन्मात दारूला हात लावला नाही. वडील दारूपायी गेले, तेव्हापासून लखनौतल्या लग्नांत ते सरबतसुद्धा आधी हुंगायचे, मगच तोंडाला लावायचे. मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत मी त्यांचा शेजारी आणि ऑफिसात त्यांच्या हाताखालचा इंजिनिअर, त्यामुळे या सवयीला मी दोन्हीकडे हसायचो.

निवृत्तीला दोन वर्षं असताना त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. जीभ जड झाली, डावा पाय ओढला जाऊ लागला. एका संध्याकाळी हज़रतगंजमध्ये रिक्षातून उतरताना तोल गेला आणि ते थेट एका शिपायाच्या अंगावर पडले. त्या आठवड्यात दारुड्यांना पकडायची मोहीम चालू होती. काका आजार समजावून सांगायला गेले आणि तेच अंगाशी आलं. जितकं बोलले तितकी जीभ अडखळली. पोलिसांनी तपासणीला नेलं, तर तिथल्या डॉक्टरने तोंडाचा वास घ्यायचीही तसदी न घेता ‘प्यायलेला’ अशा दाखल्यावर सही ठोकली.

कोर्टात असल्या खटल्यांची रांग असते. नाव पुकारतात, ‘जुर्म कबूल?’ विचारतात. हो म्हटलं की किरकोळ दंड, कोर्ट उठेपर्यंत बाकावर बसायचं आणि घरी जायचं. काका म्हणाले, ‘नाही.’ पुढची तारीख पडली. पुन्हा नाही, पुन्हा तारीख. साक्षीला शिपाई कधी आलाच नाही.

पाचव्या तारखेला वकील गजेंद्रबाबू वैतागले. “चिटणीस साहब, हाँ कह दीजिए, पाँच मिनट में छुट्टी. सब यही करते हैं.”

सोबत आलेली काकांची मुलगी मुक्ता कुरकुरली, “बाबा, बोल दो ना यार.”

आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, “काका, हो म्हणा आणि मोकळे व्हा. कुणाला कळणार आहे?”

ते हो म्हणाले. तेवढा एक शब्द मात्र अजिबात अडखळला नाही.

शिक्षा झाली तर ऑफिसला कळवावं, असा नियम आहे. तो आपणहून पाळणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही. काकांनी दुसऱ्याच दिवशी टाइप करून, तीन प्रतींत कळवलं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ऑफिसने विचारलं, आपण मद्य घेतले होते काय? काकांनी लिहिलं, नाही. लगेच दुसरं पत्र आलं: मग न्यायालयासमोर खोटे बोललात काय? सात दिवसांत खुलासा करावा. आमच्याकडे प्यायलेल्याला ताकीद देऊन सोडतात. खोटं बोलणाऱ्याची चौकशी लागते आणि पेन्शन अडकते.

सातव्या दिवशी सकाळी काका कागद घेऊन माझ्याकडे आले. “सुबोध, तेव्हा तूच सांगितलंस. आता हेही सांग, काय लिहू?”

मी सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती. काकांनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘त्या दिवशी मी मद्यप्राशन केले होते,’ आणि खाली सही केली.

माझ्या बायकोने बेलाचं सरबत पुढे केलं. काकांनी ते न हुंगता घटाघटा पिऊन टाकलं.