हातमोज्यांतली बोटं

बाई वाचतात आणि मी ऐकतो, असं आमचं काम एकोणीस वर्षं चाललं आहे. आमचा छापखाना ब्रेलचा. पत्रेवाला मशीनवर जस्ताच्या पत्र्यात ठिपके उठवतो, त्या पत्र्यावरून एक कच्ची प्रत निघते आणि ती बाईंच्या टेबलावर येते. बाई ती बोटांनी, मोठ्यानं वाचतात. माझ्यापुढे शाईत छापलेलं मूळ पुस्तक उघडं असतं. दोन्ही जुळलं नाही की मी म्हणतो, "थांबा," आणि त्या ओळीवर खूण होते. मूळ प्रत धरून बसतो म्हणून छापखान्यात माझं नावच 'मूळप्रत' पडलं. घरी बायकोही रागात असली की म्हणते, "मूळप्रत, ताट वाढलंय."

बाईंची दृष्टी सहाव्या वर्षी तापात गेली. उजवी तर्जनी वाचते आणि डावी पुढच्या ओळीचं तोंड धरून ठेवते, त्यामुळे वाचन कुठे अडत नाही. त्यातल्या पहिल्या सतरा वर्षांत मी हजारो वेळा "थांबा" म्हटलं असेल, पण दर वेळी चूक पत्र्याची निघाली. बोटांची कधीच नाही. पत्रेवाला यावरून कुरकुरायचा, पण मनातून त्यालाही बाईंच्या बोटांचा धाक होता.

बाईंना दोन गोष्टींची भीती वाटते. एक म्हणजे पडण्याची. त्यांची आई ओल्या फरशीवर घसरली, खुब्याचं हाड मोडलं आणि आठ महिने अंथरुणात काढून गेली. ते आठ महिने बाईंनी एकटीनं तिचं सगळं केलं. दुसरी भीती बोटांची. स्वयंपाकघरात त्या गरम भांड्याला कधी हात लावत नाहीत. सुई तर त्यांच्या घरातच नाही.

त्रेपन्नाव्या वर्षी धाकट्या बहिणीनं त्यांना ओढून हाडांच्या तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "हाडं विरळ झालीत. गोळ्या देतोच, पण वजनं उचला. खरी वजनं, पाण्याच्या बाटल्या नकोत." दुसऱ्या दिवशी पाच पानं वाचून झाल्यावर बाई एकदम थांबल्या. मला वाटलं चूक सापडली. तर म्हणाल्या, "आईच्या वाटेनं चाललेय हो मी."

बहिणीनं जिम शोधली आणि आठवड्यातून तीन दिवस सकाळी जायचं ठरलं. पहिल्या दिवशी बाई दारातच गारठल्या. चारी बाजूंनी लोखंड आपटत होतं आणि कुठून काय येईल ते कळत नव्हतं. तिथल्या सरांनी मात्र घाई केली नाही. दारापासून सुरुवात करून एकेका वस्तूवर त्यांनी बाईंचा हात ठेवला. रॉड दाखवला. तो काही ठिकाणी गुळगुळीत आणि धरायच्या जागी कानशीसारखा खरबरीत असतो. बाई छापखान्यात येऊन सांगू लागल्या, "रॉडला खुणा असतात, मूळप्रत! हात नेमका कुठे धरायचा ते बोटांना आपोआप कळतं." पुष्कळ दिवसांनी त्यांच्या आवाजात जीव आला होता.

तीन आठवड्यांत तळव्यांना फोड आले. फोड बसले आणि बोटांच्या मुळाशी घट्टे पडले. तिथून त्यांची झोप उडाली.

"टोकांना काही आलंय का हो? नीट बघा."

मी दहाही बोटं बघितली. "टोकं मऊ आहेत, बाई."

"चष्मा पुसलात का?"

मी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. टोकं तशीच मऊ होती, पण त्यांचा विश्वास बसला नाही. मग हातमोजे घालावेत की नाहीत यावर चर्चा सुरू झाली. सर म्हणाले, "काकू, मोज्यांत पकड कळत नाही. घट्टे तळव्याला पडतात, टोकांना नाही. आंघोळीनंतर खरखरीत दगडानं थोडे घासत जा, बस." बहीण म्हणाली, "त्यांना काय जातंय सांगायला? ताई, तुझी बोटं म्हणजे तुझं पोट आहे." पत्रेवाल्यानं जन्मात डंबेल पाहिलं नव्हतं, तरी त्यानंही मत दिलं. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "घाला. जोखीम कशाला?" हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्यात माझाही वाटा होता.

बहिणीनं जाड चामड्याचे मोजे आणले. पाची बोटं पूर्ण झाकणारे, तळव्यात गादी आणि मनगटाभोवती दोन वेढे घ्यायचा रुंद पट्टा. बाई तो पट्टा करकचून आवळायच्या. मोज्यांतून रॉड हाताला कळेना, म्हणून तो सुटेल या धास्तीनं त्या दुप्पट जोरानं धरायच्या. सर दोनदा बोलले, मग गप्प बसले.

दोन महिने झाले असतील. बाई सकाळी खुर्चीत बसल्या की हात झटकायला लागल्या. मी विचारलं की म्हणायच्या, "काही नाही, गारठलेत." तेव्हा उन्हाळा होता.

त्या दिवसांत आमच्याकडे मधुमेहींसाठी एक पुस्तिका आली होती. ज्यांची नजर गेली आहे त्यांनी घरच्या घरी इन्सुलिन कसं घ्यावं, याची. बाई वाचत होत्या, "सकाळी जेवणाआधी अकरा युनिट."

"थांबा. बारा आहे."

त्यांनी बोट मागे नेलं. "अकराच आहे. खूण करा."

मी खूण केली. ब्रेलमध्ये अकरा आणि बारात फक्त एका ठिपक्याचा फरक असतो. तासाभरानं पत्रेवाला पत्रा हातात घेऊनच आला. एरवी तो तावातावानं येतो, पण त्या दिवशी दाराशीच घुटमळला.

"बाई, पत्र्यावर बाराच आहे. प्रतीवरही ठिपका उठलाय. मी भिंग लावून बघितलं."

बाईंनी ती जागा पुन्हा चाचपली. उजव्या बोटानं, डाव्या बोटानं, मग करंगळीनं. करंगळीशी थांबल्या. "बारा आहे," त्या म्हणाल्या.

पत्रेवाला गेल्यावर त्या हळू आवाजात म्हणाल्या, "मी चुकीचं वाचलं तर तुम्ही पकडाल. पण पत्रा चुकला असेल आणि माझं बोट सवयीनं बरोबर वाचून गेलं तर? तेव्हा कोण पकडणार? ते पुस्तक कोणाच्या तरी हातात जाणार आहे. तो माणूस त्यावरून सुई भरणार आहे."



पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं, आणि या वेळी मी भ्यालो. त्यांनी खूण करायला सांगितली आणि मी केली नाही. जेवणाच्या सुट्टीत गुपचूप पत्रा पाहून आलो. पत्रा बरोबर होता. तीन दिवस मी त्याबद्दल शब्द काढला नाही. सांगितलं तर ही बाई उद्यापासून येणार नाही, आणि मग मी तरी कोणाचं ऐकत बसू, असला स्वार्थी विचार डोक्यात होता. चौथ्या दिवशी त्यांनीच विचारलं, "त्या खुणेचं काय झालं? तुमचा आवाज तीन दिवस पडलेला आहे."

मी सांगून टाकलं.

"माझे डोळे गेले तेव्हा घरच्यांनी वर्षभर मला सांगितलं की येतील परत," बाई म्हणाल्या. "तुम्ही तरी असं करू नका."

त्याच आठवड्यात बहीण शिकवते त्या शाळेत परीक्षा होत्या, म्हणून बाईंना जिमला न्यायचं काम माझ्याकडे आलं. मी भिंतीशी बाकावर बसलो. बाईंनी मोजे चढवले आणि दातांनी पट्टे आवळले. जमिनीवरचा रॉड मांड्यांपर्यंत उचलायचा, असा तो व्यायाम. दोनदा उचलला. तिसऱ्यांदा रॉड गुडघ्यांच्या वर आला आणि मला त्यांचा डावा मोजा वळताना दिसला. हात आत होता तिथेच राहिला आणि घामानं भिजलेलं चामडं त्याच्याभोवती फिरलं. मी ओरडायच्या आत रॉड तिरपा झाला आणि टोकाची वजनाची चकती त्यांच्या पायाच्या अंगठ्यापासून चार बोटांवर आदळली. जमीन हादरली. सगळी जिम थबकली.

बाई हलल्या नाहीत. हात तसेच पुढे धरून उभ्या राहिल्या. "सुटला का?" त्यांनी विचारलं. "माझ्या हातात आहे की सुटला?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. सरांनी धावत येऊन मोजे काढले. मनगटावर पट्ट्याचे लाल वळ खोल उठले होते. सरांनी तर्जनीला चिमटा घेतला.

"लागतंय?"

"कोणत्या बोटाला घेतलात?"

त्याच दिवशी आम्ही हातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. बहीणही शाळेतून तशीच आली. डॉक्टरीणबाईंनी मनगटावर बोटानं टकटक केलं तशी बाईंच्या बोटांत झिणझिण्या आल्या. मग त्यांनी एक यू-पिन उलगडली. डॉक्टरीणबाई तिची कधी एक तर कधी दोन टोकं बाईंच्या बोटाला लावायच्या.

"एक की दोन?"

"एक."

मला दिसत होतं, दोन होती.

"आता?"

"एक." पुन्हा दोन होती. बहिणीनं तोंडावर पदर दाबला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाईंनी आमच्या दिशेनं मान वळवली. आम्ही दोघंही इतके गप्प होतो की त्यांना समजलंच.

"कातडी जाड झालीय ना?" त्यांनी विचारलं.

"कातडी लोण्यासारखी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दोन्ही मनगटांतली नस दबलीय. करंगळी त्या नसेवर नाही, म्हणून ती तेवढी शाबूत आहे. या वयात बायकांना होतं तसं. पट्टा एकटाच दोषी आहे असं मी म्हणणार नाही, पण करकचून आवळलेला पट्टा आणि जीव खाऊन धरलेली मूठ, यांनी भर घातली. मोजे बंद. सहा आठवडे मूठ वळायची नाही, वाचनही बंद. झोपताना मनगटाला पट्टी."

"परत येईल?"

"बहुतेकांचं येतं."

"बहुतेकांचं," बाई म्हणाल्या.

ते सहा आठवडे कसे गेले ते बहिणीनं मला नंतर सांगितलं. बाई सकाळी उठल्या की आधी उशीची शिवण चाचपायच्या. टाके मोजता आले तर दिवस बरा जायचा, नाहीतर जेवण जायचं नाही. जिम त्यांनी सोडली नाही, याचं मला अजून नवल वाटतं. सर त्यांना पायांनी ढकलायचं मशीन द्यायचे, आणि खांद्यांवर वजनाचं जाकीट घालून चालवायचे. "हात गेले तर गेले," त्या म्हणायच्या, "पडून अंथरुणात जायची नाही मी."

सातव्या आठवड्यात उजव्या बोटाला दोन टोकं वेगळी कळली. डावं अर्धवटच आलं. कामावर आल्यावर बाईंनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर छापखान्याच्या साहेबांकडे जाऊन मागणी केली: दर महिन्याला माझी परीक्षा घ्या. साहेब म्हणाले, "अहो बाई, तुमच्यावर आमचा भरवसा आहे." बाई म्हणाल्या, "माझा नाही."

पत्रेवाल्यानं एका पानात सात चुका मुद्दाम पेरल्या. त्या दिवशी अख्खा छापखाना आमच्या टेबलाभोवती उभा होता. बाईंनी हात दोनदा पुसले आणि वाचायला लागल्या, आधीच्या निम्म्या वेगानं. शेवटी म्हणाल्या, "आठ." पत्रेवाला हसला, "सात होत्या." बाईंनी बोट ठेवून आठवी दाखवली. ती त्याच्याकडून नकळत झाली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाई हसल्या नाहीत. त्या मान खाली घालून डावी तर्जनी चोळत होत्या.

याला आता सव्वा वर्ष झालं. बाई उघड्या हातांनी वजनं उचलतात, हाताला खडूची पूड लावून. मूठ जेवढी लागेल तेवढीच वळतात. घट्टे आहेत, ते दगडानं घासतात. नव्या तपासणीत हाडं आणखी विरळ झालेली नाहीत. महिन्याची परीक्षा चालू आहे. चौदा महिने त्यांच्या बोटांतून एकही चूक सुटली नाही. गेल्या महिन्यात एक सुटली, आकड्यातलीच.

त्यांनी ती लपवली नाही. स्वतःच साहेबांना सांगून दुसऱ्या एका वाचक मुलीला बोलावून घेतलं. आता आकड्यांची पानं आधी बाई वाचतात, मग ती वाचते, आणि मी दोन्ही वेळा मूळ प्रत धरतो. काल ती मुलगी वाचत असताना बाई शेजारी बसून होत्या. प्रत्येक आकड्याला त्यांचा श्वास अडकत होता आणि मी "पुढे" म्हटलं की सुटत होता.