मंगळवारचा पाव

आज दुपारी विश्रांतवाडीतल्या बेकरीत पावाची गरम लादी निघाली आणि त्या वासासरशी मला आई गेली तो मंगळवार आठवला. शेजारच्या फिलोमिना आंटी दर मंगळवारी संत अँथनीच्या नावाने भुकेल्यांना पाव वाटायच्या. आम्ही स्मशानातून परतलो, तर त्या पिशवी घेऊन आमच्या दारात उभ्या.

"अहो, आम्ही काय भिकारी आहोत?" बाबा म्हणाले.

"आज तुमच्याकडे चूल पेटणार नाही. आज भुकेले तुम्हीच."

बाबांनी पिशवी घेतली. आम्ही तो पाव कोरडाच खाल्ला. मला ना चव लागली, ना रडू आलं.

आजही येत नाहीये. आज मंगळवार नाही. पण आंटींना माती देऊन येताना मी ती लादी घेतली आणि त्यांच्या मुलाच्या दाराची बेल वाजवली.