टकलासाठी देवास ते धार आणि परत

"अँड्रोजेनेटिक अलोपेशिया, ग्रेड फाइव्ह," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. मी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "किती दिवस आहेत माझ्याकडे?"

"दिन कायके, भिया? टकले हो रहे हो, बस."

देवासच्या एका छोट्याशा दवाखान्यात माझं निदान हे असं झालं. अँड्रोजेनेटिक अलोपेशिया म्हणजे रक्तातून आलेलं पुरुषी टक्कल. ग्रेड फाइव्ह म्हणजे कपाळावरचं मैदान आणि टाळूवरचं मैदान यांच्यामध्ये केसांचा एक बारीक बांध उरलाय आणि तोही वाहून जायच्या बेतात आहे. ज्यांच्यावर हे ऐकायची वेळ येईल त्यांच्यासाठी मी लिहितोय. माझी बायको मंजिरी म्हणते की मी वाढवून सांगतो. तुम्ही पाव हिस्सा वजा करून वाचा, उरलेलं शंभर टक्के खरं आहे.

माझं टक्कल साधं नव्हतं. उन्हाळ्यात बायपासवरून स्कूटर नेली की समोरचे ट्रकवाले मला उलट डिपर मारायचे. वय एकोणचाळीस. तरी मुलीच्या शाळेच्या फाटकावर चौकीदार म्हणाला, "दादाजी, गाडी थोडी आगे लो." मुलगी पहिलीत. तिने त्याला दुरुस्त केलं नाही, माझा हात सोडून पुढे पळाली. त्याच आठवड्यात मी दवाखाना गाठला.

मॅडम त्वचेच्या डॉक्टर, केसांचं ऑपरेशनही करायच्या. त्यांनी भिंग लावून माझं डोकं शेतजमीन मोजावी तसं बघितलं आणि दोन पद्धती सांगितल्या. एक एफयूटी. यात डोक्याच्या मागून केसांसकट कातडीची पट्टी काढतात, टाके घालतात आणि त्या पट्टीतून केसांचे पुंजके सुटे करून पुढे लावतात. मागे आडवा वण राहतो. दुसरी एफयूई. यात पट्टी नाही, बारीक पोकळ सुईने एकेक पुंजका मुळासकट उपटायचा. वण ठिपक्यांएवढे, पण वेळ फार लागतो आणि डोकं आधी तासावं लागतं.

"केस नवे बनत नी," त्या म्हणाल्या. "मागचे पुढे आणायचे. मागे बियाणं जितकं आहे तितकंच. खराब हुआ तो बाजार में नी मिलता."

मग म्हणाल्या, आधी सहा महिने गोळ्या आणि डोक्याला लावायचं औषध. गळती थांबली तर ऑपरेशन. तेही फक्त पुढचं, टाळू रिकामीच राहील.

मी एका कारखान्यात क्वालिटी खात्यात आहे. खोट काढायचा मला पगार मिळतो. मला त्या बाईंचा लगेच संशय आला. सहा महिने गोळ्या? खालच्या मेडिकलवाल्याशी नक्की संधान असणार. फक्त पुढचं करणार? म्हणजे सगळं येत नसणार. वेटिंग रूममध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, एसीचा पत्ता नाही. आणि कंपाउंडर! त्याच्या डोक्यावर माशी बसली तर घसरून पडली असती. इथे केस उगवत असते तर यानेच आधी लावून घेतले नसते का?

मी बाहेर पडलो आणि दुसरा डॉक्टर शोधायला लागलो.

फोनवर जाहिराती सुरू झाल्या. मी आधीचे आणि नंतरचे फोटो तपासू लागलो, पण केस बघत नव्हतो, कान बघत होतो. केस बदलतात, कानाची पाळी बदलत नाही. एका माणसाची पाळी आधी गालाला चिकटलेली होती आणि नंतर लोंबत होती. असे मी फोटोंचे ढीगच्या ढीग नापास केले.

शेवटी धारचं एक क्लिनिक निवडलं. वाटेतच इंदूर असताना मी पार धारला का गेलो, असं तुम्ही विचाराल. अहो, इंदुरात आमचे इतके नातेवाईक आहेत की कुठल्याही दवाखान्यात दर तिसऱ्या खुर्चीवर एक आत्या असते. धारला कुणी नाही. घरी सांगितलं की मंजिरी आणि मी धारजवळच्या मांडूचे जुने महाल बघायला चाललोय. दोनदा मांडू झालं तेव्हा सासूबाईंना वाटलं, जावयाला इतिहासाचं वेड लागलं.

धारचं क्लिनिक म्हणजे राजवाडाच. काचेचं दार, गुबगुबीत सोफे, अत्तराचा वास. पांढरा कोट घातलेले एक गृहस्थ उठून पुढे आले. डोक्यावर रुपेरी केसांचं असं घनदाट रान की त्यात ससा हरवावा. सगळे त्यांना दादासाहेब म्हणत होते.

"यावं, यावं. आपण देवासचे ना? थोरल्या पातीचे की धाकट्या?"

बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं. देवास गाव एकच, पण पूर्वी तिथे दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. आता हे आमच्या मराठी घरांतले म्हातारेच विचारतात, आणि ज्याने विचारलं तो आपला माणूस असं आम्ही धरून चालतो. आमचे खापरपणजोबा धाकट्या पातीच्या दरबारी कारकून होते. घरात त्यांची गोष्ट ते दिवाण असल्यासारखी सांगतात.

"धाकट्या," मी डोळे पुसत म्हणालो.

"म्हणजे घरचेच की. आमच्या आजेसासूबाई धाकट्या पातीकडल्याच. तीर्थरूप कसे आहेत? वहिनीसाहेबांस चहा द्या."

असं मराठी मी आजोबा गेल्यानंतर ऐकलंच नव्हतं. माझा संशय तिथल्या तिथे मेला. एक वाकडा बोल्ट दिसला तर अख्खं खोकं परत पाठवणारा मी, पण त्या माणसाला नोंदणी क्रमांक विचारला नाही, पदवी विचारली नाही, भिंतीवरच्या फोटोंतले कानसुद्धा बघितले नाहीत. ते म्हणाले, एका दिवसात संपूर्ण मस्तक भरून देऊ, अठराव्या वर्षीची केशरेषा आणू. मी तारीख घेऊन टाकली.

मंजिरी मात्र भिंतीवरचे फोटो बघत होती. तिचं माहेर धामनोदचं, शिक्षण सगळं हिंदीत. दादासाहेबांचं मराठी तिला निम्मं कळत नव्हतं. मला तेव्हा तिची कीव आली होती.

ठरल्या दिवशी पोचलो. माझं डोकं तासलं. कपाळावर जांभळ्या शाईने रेघ मारली, भुवयांपासून चार बोटं वर. टेबलावर पालथं झोपवलं. मास्क लावलेल्या दोन मुली इंजेक्शनं भरत होत्या. माझं ब्लडप्रेशर कुणी मोजलं नाही, रक्ताची तपासणी कुणी मागितली नाही, आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. दादासाहेब उशाशी उभे राहून धाकट्या पातीच्या दसऱ्याचं वर्णन करत होते.

दार उघडलं. मंजिरी आत आली.

"दादासाहेब, एक विचारायचं होतं. हे छेद कोण करणार?"

"वहिनीसाहेब, आपण निर्धास्त असावं. येथील हस्तकौशल्याचा लौकिक..."

"मला नाही समजलं. हिंदी में बोलो ना. आप करोगे?"

"मी? छे, छे. मी केवळ मार्गदर्शन करतो."

"आप डॉक्टर नहीं हो?"

"सर्जनसाहेब इंदूरहून येतात. सायंकाळी. पाहणी करून जातात."

"आणि शामपर्यंत?"

दादासाहेबांनी छताकडे बघितलं. इंजेक्शन भरणाऱ्या मुलीला बहुधा खोटं बोलायची सवय नसावी. ती म्हणाली, "मैं करूंगी, दीदी. पिछले महीने से कर रही हूं."

"अहो, उठा," मंजिरी म्हणाली.

आणि मी, क्वालिटी खात्याचा सीनिअर माणूस, पालथा पडल्या पडल्या म्हणालो, "अगं, पण हे धाकट्या पातीकडले..."

"उठा. पातीचे केस नाहीयेत ते. तुमचे आहेत."

मी उठलो. दादासाहेब त्याही वेळी "पुनश्च येणे करावे" म्हणाले. जिन्यात मंजिरी म्हणाली, पहिल्या दिवशी तुम्ही गप्पा मारत होता तेव्हा मी फोटो बघितले, सगळे कान वेगळे आहेत. मी विचारलं, तेव्हाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, मला वाटलं ओळखीचे निघाले.

तासलेलं डोकं, कपाळावर जांभळी रेघ आणि वर हातरुमाल. अशा अवस्थेत मी इंदूर ओलांडलं. एकही आत्या दिसली नाही, हा एक चमत्कारच.

दुसऱ्या दिवशी देवासच्या मॅडमपुढे जाऊन बसलो. त्या रागावल्या नाहीत. कापसाला स्पिरिट लावून रेघ पुसत म्हणाल्या, "इत्ती नीचे? साठ के हो जाओगे तब भी अठरा का माथा रखोगे क्या?" मग एकदम गंभीर झाल्या आणि मला वळायला सांगितलं. "पीछे किसी ने हाथ तो नी लगाया?"

मी नाही म्हणालो. त्यांनी भिंगातून मागचा भाग इंच इंच बघितला. तेवढा वेळ मंजिरीने माझा हात धरून ठेवला होता. शिकाऊ हाताने मुळं अर्धवट कापली तर ती पुढे उगवत नाहीत आणि मागेही राहत नाहीत, हे मला तिथे पहिल्यांदा नीट कळलं. मी ते जन्मभराचं बियाणं एका महिन्याच्या अनुभवापुढे वाढून ठेवलं होतं.

"बच गए," मॅडम म्हणाल्या. तेव्हा कुठे मंजिरीने हात सोडला.

सहा महिने गोळ्या घेतल्या. गळती थांबली. मग साखर, रक्त गोठायचा वेळ, हिपॅटायटीस, एचआयव्ही, ईसीजी अशा सगळ्या तपासण्या झाल्या. मी केस बारीक ठेवतो, पट्टीचा वण दिसला असता, म्हणून एफयूई ठरली. माझा संशय आता दुप्पट झाला होता, पण योग्य दिशेला. मी नोंदणी क्रमांक विचारला. काही बिघडलं तर ऑक्सिजन आहे का, विचारलं. मुळं कोण काढणार, चिरा कोण देणार, पुंजके कोण बसवणार, हे तीनदा विचारलं. पहिली दोन कामं मी करणार, बसवताना दोन नर्सेस असतील आणि मी शेजारी उभी असेन, असं त्यांनी तिन्ही वेळा सांगितलं. तुम्हीही हेच विचारा. उत्तर देताना जो तुमच्या पूर्वजांची चौकशी करतो, तिथून उठा.

ऑपरेशनच्या दिवशी बधिर करायची इंजेक्शनं टोचली. ती दुखत नाहीत असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मला आमची धाकटी पाती, थोरली पाती आणि मधल्या सगळ्या आठवल्या. मग डोकं दगड झालं. पालथा असल्यामुळे मला टेबलाच्या भोकातून फक्त जमीन दिसत होती, आणि मॅडमच्या तपकिरी चपला. मी त्या चपलांवर पहारा ठेवला. चपला आहेत तोवर काम तीच बाई करतेय.

दुपारी चपला नाहीशा झाल्या.

मी असा ओरडलो की गावातल्या देवीच्या टेकरीवर दर्शनाला गेलेल्या माणसांनी खाली वाकून बघितलं असेल. कंपाउंडरचा आवाज आला, "मैडम पोहे खा री हैं, भिया. आप भी खा लो. तब तक कोई हाथ नी लगाएगा." खरंच, मॅडम परत येईपर्यंत कुणी हात लावला नाही. मी पोहे खाल्ले. खाताना त्याला मनातला प्रश्न विचारून टाकला, तुम्ही का नाही लावले? तो म्हणाला, "मेरे को कोई दिक्कत ही नी है." मी आणखी थोडे पोहे घेतले.

तिसऱ्या दिवशी सूज कपाळावरून डोळ्यांवर उतरली. मी आरशात बेडकासारखा दिसत होतो. आठ-दहा दिवस उशा रचून अर्धवट बसून झोपलो, हेल्मेट बंद. खपल्या पडल्या, खाली छान काळे खुंट दिसले. मी आठवडाभर मिरवलो.

आणि मग ते सगळे गळले. एकूण एक. मी गळलेले केस पाकिटात भरून पुरावा म्हणून दवाखान्यात नेले. मॅडमनी फाइल उघडली. शॉक लॉस, म्हणजे जागा बदलल्याच्या धक्क्याने वरचा केस पडतो, मूळ आत जिवंत राहतं, तीन-चार महिन्यांनी पुन्हा फुटतं. हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून माझी सही घेतली होती. मी सहीवरही संशय घेतला. सही माझीच होती.

ते महिने वाईट गेले. वाट बघणाऱ्यांना एवढंच सांगतो की मीही रोज मॅडमना मनातल्या मनात शिव्या दिल्या. ज्या बाईने मला पहिल्या भेटीत 'अभी नी' म्हणून परत पाठवलं, तिचे आभार मानायला मला वर्ष लागलं. डोक्याला हात लावायची घाई नसलेला डॉक्टर मिळाला तर त्याच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांकडे बघू नका.

पाचव्या महिन्यात एका सकाळी मी गच्चीवर पेपर वाचत होतो. मंजिरी कपडे वाळत घालत होती. माझ्या मागे येऊन थांबली आणि म्हणाली, "आले."

मी म्हणालो, मन राखायला बोलू नकोस. तिने आरसा आणला. मी म्हणालो, उन्हाची तिरीप आहे. तिने फोनवर फोटो काढून दाखवला. मी म्हणालो, हल्लीचे फोन काहीही दाखवतात.

तिने माझ्या कपाळावरच्या त्या केसांची चिमूट धरली आणि ओढली.

माझ्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं.

"लागलं?"

"लागलं."

"मग आहेत," ती म्हणाली, आणि उरलेले कपडे वाळत घालायला गेली.